नमुना क्रमांक एक

नरसम्मा येमूल माझ्या केबिनमध्ये शिरली ती दार न वाजवताच. मागून शिपाई "अहो मावशी, अहो मावशी" करत धावत आला, पण तोवर तिनं गेटचं कार्ड माझ्या टेबलावर आपटलं होतं. कार्डाची कडा लाल झाली होती.

"नाग्या, मला येडी ठरवलास व्हय रे?"

कारखान्यात गेटवरचं यंत्र माझ्याकडे होतं, आणि मला सगळे 'गुर्रम सर' म्हणायचे. नाग्या म्हणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत, त्यातली ही एक. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि लहानपणी माझं नाक तिनं किती वेळा पदरानं पुसलं असेल त्याची गणती नाही. मी शिपायाला घालवलं आणि आजारी माणसांसाठी राखून ठेवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं.

"मावशी, वेडी कोण म्हणतंय? यंत्राला तुझ्या आवाजात ताण दिसला, एवढंच. सहा आठवडे आराम कर. समुपदेशक येतील, लागल्या तर डॉक्टर गोळ्या देतील. पगार चालू राहील."

"पगाराचं कोण बोलायलंय? अख्ख्या घरकुलात बोभाटा झालाय. सून नातीला माझ्याकडं ठेवीना कालपासून. का, तर म्हातारीचं डोकं फिरलंय. काय केले मी? गेटवर हसले. मागनं कुणीतरी काहीतरी बोलली, आलं हसू. गेल्या म्हयन्यात रडले. भाऊ गेला माझा, रडू पण नको?"

मी तिचं ऐकतोय असं दाखवत पडद्यावर तिचा आलेख बघत होतो. सलग एकोणीस दिवस लाल, आवाजात प्रचंड चढउतार. यंत्राच्या दृष्टीनं शंकेला जागाच नव्हती. मी तिला समजावणीच्या सुरात पुन्हा तेच सांगितलं.

"आणि तुझी अक्का हिरवी?" नरसम्मा उठता उठता म्हणाली. "तिला नीट बघितलास का एवढ्यात? आम्ही विड्या वळत होतो तवा एखादीचं मन खचलं की ती मांडीवरचं तंबाखूचं सूप उलटं घालून बसायची. कुणी काय इचारायचं न्हाई. बाकीच्या तिच्या वाटच्या विड्या वळायच्या आणि ती बोलेपर्यंत वाट बघायच्या. तुझी अक्का आज सूप घेऊन बसली असती ना, तर उलटंच घातली असती. जा, बघून ये."

ती गेल्यावर मी तिच्या नोंदीत एक ओळ वाढवली: 'आजार नाकारण्याची प्रवृत्ती.'

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे माझ्या मूर्खपणाचं माप कळेल. मन खचलं की ते आधी आवाजात उतरतं. घशातले स्वरतंतू ताणणारे स्नायू अगदी लहानसे असतात. मेंदूकडून त्यांना येणारा हुकूम जरा मंदावला, की बोलण्यातले चढउतार कमी होतात, दोन शब्दांमधली जागा लांबते, 'आ' आणि 'ई' एकमेकांच्या जवळ सरकतात. उलट माणूस फार अस्वस्थ असेल तर हेच सगळं दुसऱ्या टोकाला जातं. हे फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शातले. ते माणसाच्या कानाला कळत नाहीत, यंत्रालाच कळतात, असं आम्ही मानत होतो. गेटवर साबणाच्या वडीएवढी डबी लावलेली आहे. आत शिरताना प्रत्येक बाई तिच्यासमोर एक वाक्य बोलते, "मी अमुक, आज कामावर हजर आहे." चार सेकंदांत कार्डाची कडा हिरवी, पिवळी किंवा लाल होते.

ही डबी गेटवर आली त्याला कारण होतं. गेल्या पंधरा वर्षांत देशातल्या बऱ्याच शहरांत पैसा भराभर आला. पत्र्याच्या खोल्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, दारात गाड्या लागल्या, आणि त्याच शहरांत झोपेच्या गोळ्यांचा खप उत्पन्नापेक्षा वेगानं वाढला. तज्ज्ञांनी आधी काणाडोळा केला. मग माणसं कामावरच येईनाशी झाली, तेव्हा त्यांना मनाचा पुळका आला आणि नियम निघाला. कारखान्याला विस्ताराचा पुढचा टप्पा हवा असेल तर आधी कामगारांचा मनोनिर्देशांक दाखवायचा. शंभरात बाराहून जास्त आजारी निघाले तर परवानगी नाही.

सोलापूरचा आमचा निर्देशांक होता चार.

विडीचा धंदा बंद पडला आणि शहराच्या पूर्वभागातल्या आमच्या तेलुगू बायका विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायला लागल्या त्याला सहा वर्षं झाली होती. घरटी उत्पन्न तिपटीवर गेलं होतं, आणि शंभरात फक्त चार जणी आजारी! दिल्लीहून पथकं आली, परदेशातून आली. कुणी म्हणे एकत्र कुटुंबपद्धती, कुणी म्हणे गड्ड्याची जत्रा. एका पाहुण्यांनी तर शेंगाचटणीचं पृथक्करण करायचं तेवढं बाकी ठेवलं. मी व्यासपीठांवरून सांगत सुटलो होतो, की विकास आणि मनःशांती यांचं वैर नसतं, सोलापूरला या आणि बघा. शाली ठेवायला घरात कपाट पुरेना.

आता यातली मेख. कुठल्याही मापाला शून्य लागतं. यंत्र पुण्यात तयार झालं होतं आणि आमच्या बायकांचं तेलुगूच्या वळणाचं मराठी ऐकून ते सगळ्यांनाच चिंताग्रस्त ठरवत होतं. म्हणून इथलंच शून्य हवं होतं. निरोगी अशा चाळीस बायकांचे आवाज यंत्राला ऐकवायचे आणि सांगायचं, बाबा रे, ठणठणीत माणूस असा बोलतो. नियमाप्रमाणे या चाळीस जणींना मानसोपचारतज्ज्ञानं प्रत्येकी तासभर तपासायला हवं होतं. त्यात तीन-चार आठवडे गेले असते. मी सोपी वाट काढली. हजेरीपटावरून दीड वर्षात एकही रजा न घेतलेल्या आणि एकही तक्रार न केलेल्या चाळीस बायका निवडल्या.

मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. मी ज्या घरकुलात वाढलो तिथं बाईचं सगळ्यात मोठं कौतुक एकाच वाक्यात व्हायचं, "तिची काही तक्रार नसते." वळलेल्या विड्या जमा करायच्या ब्रँचमध्ये त्या तपासणारा चेकर चांगल्या विड्यासुद्धा छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्याच्यावर न ओरडता घरी येणारी ती शहाणी. आई छातीच्या दुखण्यानं गेली ती सुद्धा तक्रार न करता, आणि लोकांनी तिचं केवढं नाव काढलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. बावीस वर्षांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आईचं सूप मांडीवर घेतलं, स्वतःचं लग्न बाजूला ठेवलं आणि मला इंजिनिअर केलं. तिचीही तक्रार नव्हती. चाळीस जणींच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. नमुना क्रमांक एक, राजेश्वरी गुर्रम. मला फार अभिमान वाटला होता.

नरसम्मा येऊन गेल्यावर रविवारी मी अक्काकडे गेलो. कारखान्याच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. घर लख्ख होतं. गॅसच्या शेगडीवर एक डाग नव्हता. बाई किती टापटिपीची, एवढंच माझ्या मनात आलं.

"जेवलीस?"

"जेवले."

"नरसम्मा मावशी काहीतरी बडबडत होती. तू बरी आहेस ना?"

अक्का खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला ना नागेश, सकाळी उठलं की..." आणि थांबली. ती शब्द शोधत होती. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, कामावर तोंडाला कापड बांधून आठ तास गप्प बसायचं, कारण श्वासाच्या दमटपणानं बॅटरीचा पत्रा बिघडतो. किती दिवसांत ती पाच शब्दांचं वाक्य बोलली नसेल, देव जाणे.

मी मात्र तोवर खिशातून मोबाइल काढला होता. "थांब, मोजूनच बघू की. तुझ्या नाग्याचं यंत्र आहे ते, कशाला शंका ठेवायची! बोल, ते गेटवरचं वाक्य बोल."

सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, माझी बहीण त्या मोबाइलसमोर सरळ बसून म्हणाली, "मी राजेश्वरी गुर्रम, आज कामावर हजर आहे."

हिरवं. शंभरात नव्व्याण्णव.

"बघ! अख्ख्या कारखान्यात तुझ्यासारखं मन कुणाचं नाही. हां, तू काहीतरी सांगत होतीस?"

"काही न्हाई." तिनं मोबाइलकडे पाहिलं. "मशीन म्हणायलंय तर बरीच असेन मी."

मी चहा पिऊन, शीळ घालत जिना उतरलो. आयुष्यातला कुठला अर्धा तास परत हवा असं मला कुणी विचारलं तर मी हाच मागेन.

अकरा दिवसांनी नारळी पौर्णिमा होती. आमच्या समाजाचा देव मार्कंडेय, त्याचा रथ निघतो त्या दिवशी पूर्वभागात कुणी घरी थांबत नाही. कारखानाही बंद असतो. दुपारी दोनच्या सुमारास मी रथाबरोबर चाललो होतो, तेवढ्यात नरसम्माचा फोन आला. ढोल-ताशांत मला आधी काही कळेना.

"कारखान्याच्या गेटवर ये! तुझी अक्का पडलीय!"

रथाला नारळ द्यायला अक्का आली नाही म्हणून नरसम्मा तिला शोधत वसाहतीत गेली होती, तिथून गेटवर. वॉचमननं सांगितलं, या बाई सकाळी सातपासून उभ्या आहेत. गणवेश घालून आल्यात. तीनदा सांगितलं सुट्टी आहे म्हणून. मान हलवतात आणि उभ्याच राहतात. मधूनच त्या बंद डबीसमोर वाक्य म्हणतात. लाल कार्डवालीला गेटजवळ येऊ द्यायचं नाही असा माझाच हुकूम होता. नरसम्मा वॉचमनला ढकलून पुढं गेली आणि तिनं कोसळणाऱ्या अक्काला धरलं.

इस्पितळात सलाइन लागलं. डॉ. झरीना तांबोळी या मानसोपचारतज्ज्ञ तिच्याजवळ दीड तास बसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तीव्र नैराश्य आहे. कमीत कमी तीन वर्षांचं. त्या नीट जेवतसुद्धा नाहीयेत. तुम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?"

"पण डॉक्टर, तिनं एकही रजा घेतलेली नाही. एक दिवस नाही."

"घरी राहायचं तरी ठरवावं लागतं, गुर्रम साहेब. त्यांच्यात तेवढंही ठरवायची ताकद उरलेली नाही. पाय नेतात तिकडं त्या जातात. न चुकता येणारी हजेरी हेच कधीकधी लक्षण असतं."

तीन वर्षं. यंत्राचं शून्य मी ठरवलं त्याला दोन वर्षं झाली होती.

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. माझ्या यंत्राचं शून्य म्हणजे माझी आजारी बहीण होती. निरोगी माणूस असा बोलतो, असं मी तिच्या थिजलेल्या आवाजाकडे बोट दाखवून यंत्राला शिकवलं होतं. आता ते तिला आजारी कधीच म्हणणार नव्हतं. तिच्यासारख्या विझत चाललेल्या सगळ्यांना ते हिरवा रंग देत होतं. हसणाऱ्या, रडणाऱ्या, भावाच्या मरणाचं दुःख असणाऱ्या बायकांना वेड्या ठरवून घरी बसवत होतं. मी नरसम्माच्या नोंदीत लिहिलेली ओळ आठवली आणि तिथल्या तिथं जमीन दुभंगावी असं वाटलं. ती शेजारीच बसली होती.

डॉक्टरांनी माझ्या विनंतीवरून त्या चाळीस जणींना एकेक करून तपासलं. तीन आठवडे लागले. सत्तावीस आजारी निघाल्या. उरलेल्या तेरा जणींच्या आवाजावर मी नवं शून्य बांधलं, दोन वर्षांच्या नोंदी पुन्हा चालवल्या आणि निर्देशांक आला त्रेचाळीस.

दुसऱ्या टप्प्याची जनसुनावणी पाच दिवसांवर आली होती. कारखान्याचे व्यवस्थापक सबनीस साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून मला समोर बसवलं.

"पुढच्या महिन्यापासून नवं शून्य लाव. अक्काचा, बाकीच्यांचा, सगळ्यांचा उपचार कारखाना करेल. पण मागचं उकरू नकोस. दुसऱ्या टप्प्यात चार हजार बायका लागणार आहेत. त्या कुठं जाणार, परत तंबाखूच्या धुळीत? तुझी आई कशानं गेली, नागेश?"

गरिबीत सुख होतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आईचा खोकला मी ऐकलेला आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चार हजार बायका दिसत नव्हत्या. मला कपाटातल्या शाली दिसत होत्या. मी मान डोलावली आणि चार दिवस गप्प बसलो. अहवालात एक वाक्य लिहिलं, 'संदर्भगटाच्या निवडीत काही मर्यादा आढळल्या.' कुणाला आढळल्या, कुणी निवड केली, काही नाही. ते वाक्य वाचून मला स्वतःचीच शिसारी आली, तरी मी ते तसंच ठेवलं.

सुनावणीच्या दिवशी सभागृह बायकांनी भरलं होतं. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, आधी टाळ्या पडल्या. समोर दुसऱ्या रांगेत नरसम्मा बसली होती, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं कुणी बसायला तयार नव्हतं. मी हातातला अहवाल मिटला.

"चार हा आकडा खोटा आहे," मी म्हणालो. "खरा त्रेचाळीस आहे. चूक यंत्राची नाही, माझी आहे. वेळ वाचवायला मी निरोगी म्हणून आजारी बायका निवडल्या. त्यातली पहिली माझी सख्खी बहीण, राजेश्वरी गुर्रम. ती तीन वर्षं आजारी आहे. मी तिला शून्य केलं. आणि ज्यांना आम्ही लाल कार्ड दिलं त्यातल्या बहुतेक जणी तुमच्या-आमच्यापेक्षा शहाण्या आहेत. मी तुमचा सगळ्यांचा गुन्हेगार आहे."

मला वाटलं होतं बायका चिडतील. चिडल्याच, पण वेगळ्या गोष्टीवर. मागून एक पन्नाशीची बाई उठली. "सर, माझी लेक दुसऱ्या टप्प्यात लागणार होती. आम्ही आजारी तर आजारी, आमचं आम्ही बघतो. कारखाना कशाला थांबवायलाव?" तिच्या बाजूनं दहा आवाज उठले. कुणीतरी मला घरभेदी म्हणालं. मी उभाच राहिलो.

नरसम्मा उठली तेव्हा जरा शांत झालं. "म्हंजे मी येडी न्हाई ना?" तिनं अध्यक्षांना विचारलं. "मग तेवढं एका कागदावर लिहून द्या की साहेब. सुनेला दाखवायचंय."

परवानगी वर्षभर लांबली. कामात दर दोन तासांनी तोंडावरचं कापड काढून एकत्र बसायची सुट्टी द्यावी आणि शून्य बाहेरच्या डॉक्टरांनी ठरवावं, असा आदेश निघाला. मी मात्र सुनावणीच्या संध्याकाळीच राजीनामा दिला होता. सबनीस साहेबांनी तो ठेवून घेतला.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला भेटायला निघालो. इस्पितळातून सुटल्यापासून ती नरसम्माच्या घरी होती. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटत होतं. सगळ्यांसमोर कबूल केलं, शिव्या खाल्ल्या, नोकरी सोडली. आता अक्कासमोर बसायचं आणि रडून घ्यायचं, असं मी ठरवूनच आलो होतो.

अक्का कॉटवर बसली होती. गोळ्या सुरू होऊन चार आठवडे झाले होते. चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं. मी तिच्या पायाशी बसलो.

"अक्का, मी काल सगळं खरं सांगितलं."

"कळलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझं नाव घेतलास म्हणे."

"हो. लपवायचं कशाला? चूक माझी होती, मी..."

"चूक तुझी होती तर तुझं नाव घ्यायचं." आता तिनं बघितलं. "माझं कशाला घेतलास? सकाळपासनं चार बाया येऊन गेल्या मला बघायला. जत्रेत बघत्यात तसं. मला इचारलास?"

मी पुन्हा 'चूक माझी' म्हणायला तोंड उघडलं, तिनं हात वर केला.

"पैल्यांदा माझा आवाज घेतलास मशीनला, तवा इचारला न्हाईस. कामाला लागताना केलेली सही चालती म्हणलास. माझ्या घरी येऊन मला हजर आहे म्हणायला लावलास, तवा इचारला न्हाईस. मी सांगत होते तुला! तोंडात आलं होतं माझ्या! आता चारशे बायांच्या पुढं मला येडी म्हणून उभी केलास, आणि मोकळा झालास व्हय रे? मोकळा व्हायला आलास हितं?"

नरसम्मा पोळ्या लाटायची थांबली. शेजारच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. अक्काचा आवाज चढत गेला, मध्येच फाटला, खाली आला, पुन्हा चढला. ती बोलतच होती. माझ्या कानात मात्र भलतंच चालू झालं होतं. स्वरांचा पल्ला केवढा वाढलाय, विराम किती आखूड झालेत, 'आ' आणि 'ई' कसे स्वच्छ वेगळे पडतायत. चार आठवड्यांत एवढी सुधारणा! मला आनंदानं भरून आलं. मी मनातल्या मनात आकडा धरत होतो, पन्नास, साठ...

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला काहीतरी विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.

मी मोजत होतो. ती काय बोलली ते मी ऐकलंच नव्हतं.

इतकी लाज मला सभागृहातसुद्धा वाटली नव्हती. खोटं 'हो' म्हणून टाकणं सोपं होतं, जन्मभर तेच केलं होतं.

"अक्का," मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं. परत सांगशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, ते मला कळलं नाही. ती कॉटवर जरा सरकली, घोटभर पाणी प्यायली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.